मागे ट्रॉली लावून भेरूघाट उतरताय? या चुका टाळा

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोलच्या पुढे भेरूघाट येतो. आमचा मंडपाचा धंदा. लग्नसराईत बडवाहला सामान न्यायचं म्हणजे पेट्रोल पिकअप, मागे छोट्या जनरेटरची ट्रॉली आणि हा घाट.

मागच्या उन्हाळ्यात अर्ध्या उतारावर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, काहीतरी जळल्याचा वास येतोय." मी ब्रेक दाबला तर पॅडल मऊ लागलं आणि थेट खाली गेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मुरुमावर घेतली, म्हणून थांबली.

चूक माझीच होती. वरपासून चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा मुरला की १४० च्या आसपासच. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. आमचं ऑइल चार वर्षांत बदललंच नव्हतं. दर दोन वर्षांनी बदला, खर्च किरकोळ आहे.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार सुरू करा. हा गिअर घाटाच्या माथ्यावरच टाका, वेग वाढल्यावर नाही. ब्रेक ठाम दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, करू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या) गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं, आणि मागच्या ट्रॉलीचा सगळा रेटा ब्रेकवर येतो.

चढावर उलट होतं. पेट्रोल इंजिनाला जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना येतो, वरच्या गिअरमध्ये रेटलं की ते टकटक करू लागतं. आवाज वाढला तरी खालचा गिअर घ्या. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू; मे महिन्यात नकोसं वाटतं, पण इंजिनची उष्णता बाहेर निघते. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

ट्रॉली भरताना वजन चाकांच्या थोडं पुढे ठेवा. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकवर यावा. मागे जास्त भरलं की ट्रॉली शेपटीसारखी हलते. तेव्हा स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक करकचून दाबू नका. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढायचं वजन दिलेलं नसेल तर ट्रॉली लावूच नका, दोन फेऱ्या करा.

आणि ब्रेक तापून थांबलात तर ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. चाकाखाली दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हात जवळ नेल्यावर धग लागेनाशी होईपर्यंत थांबा. आम्हाला पाऊण तास लागला. वऱ्हाडाला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं.