घरात गाण्यांचं नेटवर्क बसवायचं तं डबे वेगवेगळे घ्या

रेडीमेड वायफाय स्पीकर घेतला की पाच मिनिटात गाणे सुरू, ते खरंच आहे. पण उद्या कंपनीनं त्याचं अॅप बंद केलं तं चांगला वाजणारा स्पीकर शोपीस होते. म्हणून मी तं म्हणतो, सर्व्हर (गाणे साठवून पाठवणारा), प्लेअर (ते घेऊन वाजवणारा), डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारा डबा), अँप (तो सिग्नल मोठा करणारा) आणि स्पीकर वेगवेगळे घ्या, जे बिघडलं तेवढंच बदलायचं. अँप-स्पीकर घरी जुने पडून असतील तं तेच चालतात, मागं लाल-पांढरे आरसीए सॉकेट असले म्हणजे झालं. पैसा उरला तं स्पीकरवर टाका, महागड्या डॅकवर नका टाकू.

सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय 4 (एकाच बोर्डाचा छोटासा कॉम्प्युटर) आणि यूएसबी हार्ड डिस्क भरपूर झाली. पायच्या मेमरी कार्डावर पीकोअरप्लेअर हे गाण्यांचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे ते रॅममध्ये चालते, त्यामुळं लाइट गेली-आली-परत गेली तरी कार्ड सहसा खराब होत नाही. राउटरच्या पेजवर पायचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बघा, तो तिथंच फिक्स करून टाका, मग तो पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडा, पीकोअरप्लेअरचं पेज येते. आता इथं बरेच लोक अटकतात: एलएमएस (गाण्यांची यादी करून ते प्लेअरला पाठवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करायच्या आधी कार्डाचं पार्टिशन मोठं करावं लागते, तिथंच रिसाइझचं बटण आहे, ते नाही केलं तं जागाच पुरत नाही. मग डिस्क माउंट करा, म्हणजे सिस्टिमला वापरायला जोडून द्या, एलएमएसला गाण्यांचं फोल्डर दाखवा, स्कॅन होऊ द्या. हे एलएमएस म्हणजे आधीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर, आता लिरियन म्हणतात, नाव बदलल्यामुळं घाबरू नका.

प्लेअरसाठी हॉलमध्ये दुसरा एखादा जुना पाय, त्यातही पीकोअरप्लेअरच, फक्त ऑडिओ आउटपुटमध्ये यूएसबी निवडायचं आणि डॅक लावायचा. प्लेअरचा आवाज शंभर टक्क्यावर ठेवा, कमी-जास्त अँपवरून करा.

गाणं अटकून राहिलं की लोक इंटरनेटचा प्लॅन वाढवतात, कायले? गाणं आपल्याच डिस्कवरून येऊन राहिलं ना, इंटरनेटचा संबंधच नाही. सीडीच्या क्वालिटीला 1411 केबीपीएस लागते, फ्लॅक (क्वालिटी न घालवता लहान केलेली फाइल) केलं तं त्याहूनही कमी, आणि सीडीहून भारी 24 बिट 192 किलोहर्ट्झवालं घेतलं तरी सव्वानऊ एमबीपीएसच्या आतच. साधी 100 एमबीपीएसची लॅन वायरही आरामात नेते. अडचण असते भिंतींची, आणि सर्व्हर-प्लेअर दोन्ही वायफायवर असले तं प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जाते, सर्व्हरवरून राउटरला आणि राउटरवरून प्लेअरला. निदान सर्व्हर तरी वायरनं जोडा.

आता नागपूरचं ऊन. पाय 4 ची चिप 80 डिग्रीला पोचली की तो स्वतःहून हळू होते, तो सांभाळून घेते, पण बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात 35 डिग्रीपर्यंतच वापरा असं असते आणि आपल्याकडं नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) पारा 45 च्या आसपास. म्हणून स्लॅबखालच्या सज्ज्यावर डिस्क ठेवू नका, खाली जमिनीजवळ मोकळ्या जागी ठेवा. कूलरच्या झोताजवळही नको, ताट्यांची (कूलरच्या ओल्या गवती जाळ्यांची) ओल बसते. गाण्यांची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवा.

शेवटी गुणगुण. गाणं बंद ठेवून अँपचा आवाज हळूहळू वाढवा, घूंऽऽ ऐकू आलं तं आधी कूलरचा पंप बंद करून बघा, मग डॅकची यूएसबी काढा, मग आरसीए वायर. ज्यानं आवाज थांबला, तिथं भानगड. पंपानं थांबला तं कूलर दुसऱ्या सॉकेटवर न्या, यूएसबीनं थांबला तं पायचा अॅडॅप्टर अँप ज्या सॉकेट-बोर्डावर आहे त्याच बोर्डावर लावा. गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन मात्र तोडू नका, कुणी मेकॅनिक कितीही म्हणो, तिथं शॉक लागते.