फीडमधला नकोसा विषय म्यूट कसा करावा

घरात कोणाला कॅन्सरचं निदान झालं की घरची माणसं रात्री उशिरापर्यंत फोनवर शोधत बसतात. केमोनंतर खायला काय द्यायचं, ताप आला तर काय करायचं. काही दिवसांतच फीड, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणारी पोस्टची रांग, बदलतं. हळदीने गाठ विरघळल्याचं सांगणारे व्हिडिओ येतात, कोणाच्या तरी शेवटच्या दिवसांची रील येते, मदतीची आवाहनं येतात. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू असताना हे सगळं दिवसभर डोळ्यांपुढे येत राहण्याची काहीच गरज नाही. ते थांबवता येतं. अनेक ॲपना नकोसे शब्द सांगून ठेवले की ते शब्द असलेल्या पोस्ट झाकल्या जातात, यालाच म्यूट करणं म्हणतात. कॅन्सर हे उदाहरण घेऊन सांगतो. निवडणुकीचा गदारोळ असो की न पाहिलेल्या सामन्याचा निकाल, रीत तीच.

आधी शब्दांची यादी करा

बहुतेक लोक एकच शब्द घालतात आणि 'हे चालत नाही' म्हणून सोडून देतात. मराठीत एका शब्दाने भागत नाही. एक्ससारखं (पूर्वीचं ट्विटर) ॲप तुम्ही दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतं. 'कॅन्सर' म्यूट केला तरी 'कॅन्सरचा', 'कॅन्सरच्या', 'कॅन्सरने', 'कॅन्सरमुळे', 'कॅन्सरग्रस्त' हे त्याच्या लेखी वेगळे शब्द असतात. म्हणून प्रत्यय लागलेली नेहमीची रूपं वेगळी लिहावी लागतात. मग 'कर्करोग', 'कर्करोगाचा', 'कर्करोगावर'. मग हिंदी पोस्टमधला 'कैंसर'. मग रोमन लिपीतला इंग्रजी शब्द. तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, एकदा घातला की पुरे. 'केमो', 'किमो', 'ट्यूमर' हेही घाला.

शब्द टाइप करण्यापेक्षा नकोशा पोस्टमधूनच कॉपी करून चिकटवावा, हे उत्तम. देवनागरीत दिसायला सारखी अक्षरं आतून वेगळी असू शकतात. 'ॲक्सिडेंट'मधला 'ॲ' काही कीबोर्ड एकच अक्षर म्हणून लिहितात, काही 'अ'वर चंद्र ठेवून. डोळ्यांना फरक कळत नाही, ॲपला कळू शकतो.

यादीत काय घालू नये, याचाही विचार हवा. 'गाठ' हा शब्द घालावासा वाटेल, पण 'मनाशी गाठ बांधली', 'जुन्या मित्राची गाठ पडली' अशा चांगल्या पोस्टही त्याबरोबर जातील. 'निकाल' म्यूट केला तर क्रिकेटबरोबर दहावीचा आणि कोर्टाचा निकालही दिसेनासा होईल. पावसाळ्यात 'पाऊस' किंवा 'पूर' असे शब्द तर मुळीच घालू नका. इशाऱ्याची एखादी पोस्ट निसटणं महागात पडेल. दोन अर्थांचा शब्द असेल तर तो एकटा न घालता दोन-तीन शब्दांचा तुकडा घालावा.

एक्सवर

सेटिंग्ज अँड प्रायव्हसी उघडा, त्यात प्रायव्हसी अँड सेफ्टी, मग म्यूट अँड ब्लॉक आणि शेवटी म्यूटेड वर्ड्स. अधिकच्या खुणेवर टॅप करून शब्द घाला. साधा शब्द घातला की त्याचा हॅशटॅगही झाकला जातो. मात्र नुसता हॅशटॅग घातला तर साधा शब्द दिसत राहतो. म्हणून हॅशची खूण लावू नका.

त्याच पानावर शब्द कुठे झाकायचा ते विचारलं जातं. होम टाइमलाइन चालू ठेवा. नोटिफिकेशन्सपाशी मात्र थांबा. तिथे सगळ्यांकडून येणाऱ्या की फक्त तुम्ही फॉलो करत नाही त्यांच्याकडून येणाऱ्या, असे दोन पर्याय आहेत. आजारपणाच्या बाबतीत दुसरा निवडा. काळजीने लिहिणारा भाऊ किंवा मैत्रीण तुम्हाला मेन्शन करून काही विचारत असेल, तर ते तुमच्यापर्यंत यायलाच हवं.

शेवटी मुदत: कायमचं, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. सामन्यासाठी २४ तास पुरतात, निवडणुकीसाठी ३० दिवस. आजाराच्या शब्दांना कायमचं लावा आणि उपचार संपले की यादीत जाऊन स्वतः काढा. सर्चमध्ये म्यूट लागू होत नाही, त्यामुळे माहिती हवी असेल तेव्हा शोधता येते. तुम्ही शब्द म्यूट केल्याचं कोणालाही कळत नाही.

ब्लूस्काय या एक्ससारख्याच ॲपवर सेटिंग्जच्या मॉडरेशन विभागात अशीच सोय आहे, मुदतीही त्याच. तुम्ही फॉलो करता त्यांना त्यातून वगळण्याचा पर्याय आहे, तो जरूर वापरा.

मॅस्टोडॉन हे त्याच प्रकारचं आणखी एक ॲप मराठीला सगळ्यांत सोयीचं. तिथे फिल्टर करताना 'होल वर्ड'ची खूण काढून टाकली की 'कर्करोग' लिहिल्यावर 'कर्करोगाचा', 'कर्करोगामुळे' सगळे पकडले जातात. 'निवडणूक'सारख्या शब्दात मात्र ऊकाराचा उकार होतो, म्हणून 'निवडणूक' आणि 'निवडणुक' अशा दोन नोंदी करा. आळस करून नुसतं 'निवडण' लिहिलंत तर भाजी निवडणारेही गायब होतील. पोस्ट पूर्ण लपवायची की आधी सूचना दाखवून झाकायची, हेही तिथे ठरवता येतं.

इन्स्टाग्रामवर

इथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोकांचा गोंधळ तिथेच होतो. 'हिडन वर्ड्स' मुख्यतः तुमच्या पोस्टवरच्या कमेंट आणि अनोळखी लोकांच्या मेसेज रिक्वेस्टसाठी आहे. फीडसाठी कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'स्पेसिफिक वर्ड्स अँड फ्रेजेस' उघडायचं. ते फक्त सुचवलेल्या पोस्टना लागू होतं. तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्ट येतच राहतात. त्यातल्या एखाद्याचं सतत त्याच विषयावर चालू असेल तर अनफॉलो न करता त्या खात्याच्या पोस्ट म्यूट करा. नातं राखून शांतता मिळते.

दुसरी अडचण मोठी आहे. शब्द शोधले जातात ते कॅप्शन आणि हॅशटॅगमध्ये. मराठी पोस्टमध्ये सगळा मजकूर अनेकदा चित्रावरच लिहिलेला असतो आणि कॅप्शनमध्ये दोन इमोजी असतात. तिथे यादी कितीही लांब केली तरी उपयोग नाही. अशा प्रत्येक पोस्टवर तीन ठिपक्यांतून 'नॉट इंटरेस्टेड' दाबावं लागतं. त्या रीलवर रेंगाळू नका, रागाने कमेंटही करू नका. त्यातून तुम्हाला रस आहे असाच अर्थ निघू शकतो. फीड फारच भरकटलं असेल तर त्याच कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करण्याची सोय आहे. रीसेट केलेलं परत फिरवता येत नाही.

यूट्यूब आणि व्हॉट्सॲप

यूट्यूबच्या फीडसाठी शब्दांची यादी नाही. व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांतून 'नॉट इंटरेस्टेड', आणि चमत्कारी उपचार सांगणारं चॅनल असेल तर सरळ 'डोन्ट रेकमेंड चॅनल'. याबरोबर वॉच हिस्टरीत जाऊन त्या विषयाचे पाहिलेले व्हिडिओ काढून टाका, कारण पुढच्या शिफारशी त्यावरूनही ठरतात. इथून पुढे आजाराबद्दल शोधायचं असेल तर इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे हिस्टरीत नोंद न ठेवणाऱ्या पद्धतीत, शोधा.

व्हॉट्सॲपवर शब्द म्यूट करता येत नाहीत. ग्रुप ८ तास, १ आठवडा किंवा कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकता येतो. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर काढे आणि कात्रणं येत असतील तर एका समंजस माणसाला, मामांना किंवा मोठ्या वहिनींना, आधी फोन करा. "उपचार नीट चालू आहेत, हे मेसेज पाहून आईचा जीव घाबरा होतो," एवढं त्यांनी ग्रुपवर लिहिलं की बहुतेक जण थांबतात.