शेजारी मुंबईला, आणि मागच्या पडवीत कुत्रा

कोकणात बंद घराचं कोणाला नवल नसतं. निम्मी वाडी गणपतीला आणि मे महिन्यात उघडते, एरवी दाराला कुलपं. काळजी लागते ती बारमाही राहत्या घराला अचानक कुलूप दिसलं की. कोणी ऑपरेशनसाठी मुंबईला गेलेलं असतं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला. आणि मागच्या दारी कुत्रा भुंकत असतो. त्याला कोण बघतंय हे कोणालाच ठाऊक नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघत असेल.

अशा वेळी घर बंद होऊन किती दिवस झाले हे मोजत बसू नका. पाणी आहे का, आणि त्या पाण्यापर्यंत जनावर पोहोचतं का, एवढं आधी बघा. धडधाकट कुत्रा अन्नाशिवाय काही दिवस काढतो. पाण्याशिवाय एक दिवसही जड जातो, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पत्र्याखाली बांधलेला असेल तर काही तासांत गडबड होते. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. म्हणजे 15 किलोच्या गावठी कुत्र्याला पाऊण ते एक लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. मालकाने जाताना टोपभर पाणी ठेवलेलं असतंच. पण ते टोप पहिल्याच दिवशी साखळीला अडकून उपडं होतं, किंवा साखळी खांबाला गुंडाळली जाते आणि पाणी हातभर लांब राहतं. गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, नुसतं "भांडं दिसतंय" म्हणून परत फिरू नका.

पाणी आहे असं दिसलं, तर कोणी येऊन जातं का हे कळायला एक दिवस थांबता येतं. संध्याकाळी बेड्यावर (कुंपणाच्या बांबूच्या फाटकावर) किंवा गेटच्या कडीवर माडाची एक हीर, म्हणजे झावळीची बारीक काडी, आडवी ठेवा, सकाळी ती जागेवर आहे का बघा. मागच्या वाटेवरही एक ठेवा. राखण करणारा बहुधा परसातूनच येतो, पुढचं गेट उघडतच नाही, आणि त्यामुळेच रस्त्यावरच्या लोकांना घर बेवारस वाटतं. कुत्रा बांधलेला असेल तर साखळीच्या घेरातली घाण बघा. दोन-तीन दिवसांची साचलेली असेल तर कोणी आलेलं नाही. दांडीवरचे कपडे पावसात तसेच भिजत असतील, तर माणसं घाईने गेलीत असं समजा. विजेच्या मीटरवर मात्र भरवसा ठेवू नका. आत फ्रिज चालू असला की रिकाम्या घराचाही आकडा पुढे सरकतो.

भुंकण्यावरून थोडंफार कळतं. माणसं गेल्यावर पहिला अर्धा-एक तास आरडाओरडा करणारा कुत्रा बहुधा एकटेपणाला कंटाळलेला असतो. रात्रभर भुंकून आवाज बसलेला असेल तर लक्ष द्या. आणि दोन दिवस सतत भुंकणारा कुत्रा एकाएकी गप्प झाला, तर "चला, शांत झाला" म्हणण्याआधी जाऊन बघा.

बांधलेलं, कोंडलेलं आणि मोकळं, या तिघांचा हिशोब वेगळा. मोकळा कुत्रा तीन घरी जेवतो आणि चौथ्या घरी झोपतो. त्याच्यासाठी बाहेर एक भांडं पाणी पुरे. आंब्याच्या बागेतल्या कुत्र्यांची गोष्ट थोडी वेगळी. राखणीला आलेली नेपाळी माणसं हंगाम संपला की पावसाआधी गावी जातात, आणि बागेत सांभाळलेला कुत्रा कधी कधी मागे राहतो. तो मोकळा असला तरी त्याला दुसरं घर माहीत नसतं, म्हणून बागमालकाला मेअखेरीस एकदा विचारून ठेवा.

मांजराबाबत लोक निर्धास्त असतात, आणि फसतात तेही तिथेच. गणपती झाले, चाकरमानी घर बंद करून निघाले, आणि वाडीतलंच कोणाचं तरी मांजर माळ्यावर झोपलेलं आत राहिलं, असं होतं. कौलारू घरातून मांजर वाट काढू शकतं, स्लॅबच्या घरातून नाही. घरं बंद झाल्यावर पहिले तीन दिवस रात्री, आजूबाजूला शांत झालं की, दाराशी थांबून कान द्या. मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते. लठ्ठ मांजरांत हा धोका जास्त. म्हणून "मांजरच ते, उंदीर खाईल" हा हिशोब बंद घरात चालत नाही.

फोनची सुरुवात मालकापासून. मग चावी ज्याच्याकडे असेल तो, मग भाऊबंद, घरी कामाला येणारी बाई, दूधवाला, आणि शेवटी पोलीस पाटील. शहरातल्या फ्लॅटमध्ये पोलीस पाटलाच्या जागी सोसायटीचा सेक्रेटरी. मालक कदाचित हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असेल. त्याला जाब विचारला तर फोन बंद होतो आणि कुत्र्याचं पाणी तिथेच अडतं. मेसेज असा असावा: "वहिनी, नमस्कार. कालपासून टिपूच्या भांड्यात पाणी दिसलं नाही. कोणी येऊन जातं का? नसेल तर आज मी मागच्या पडवीत जाऊन पाणी-जेवण देऊ का? चावी कोणाकडे आहे?" यात तीन प्रश्न आहेत, आरोप एकही नाही. "हो" असं उत्तर आलं की तो मेसेज जपून ठेवा. पुढे कोणी "आमच्या आवारात कशाला गेलात" म्हणालं तर तीच तुमची परवानगी.

कुत्र्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून "हे घर पाच दिवस बंद आहे, कुत्रा उपाशी आहे" असं लिहू नका. ते वाचणारे सगळेच कुत्र्याची काळजी करणारे नसतात. त्याच रात्री घर फुटलं, तर पहिला संशय त्या पोस्टवर, म्हणजे तुमच्यावर.

कुलूप न उघडता पाणी देता येतं. गेटच्या खालून परात सरकत असेल तर उत्तम. खिडकीच्या गजांतून परात जात नाही, पण नारळाची अर्धी करवंटी जाते. दोन-तीन करवंट्या आतल्या कट्ट्यावर ठेवा आणि आगर शिंपायचा पाइप आत घालून त्यातून हळूहळू भरा. पाइपच्या बाहेरच्या तोंडाला नरसाळं लावून बाटलीने पाणी ओतलं तरी चालतं. बांधलेला कुत्रा असेल तर आधी जमिनीवर साखळीचा घासून पडलेला गोल शोधा, आणि त्याच्या आत पाय टाकू नका. भांडं लांब आकडीने सरकवा. ओळखीचा कुत्राही मालक नसताना घर राखत असतो. तुम्ही त्याच्यासाठी आलात हे त्याला कळत नाही. भांडं जड आणि पसरट हवं, गुरांच्या दगडी डोणीसारखं. हलक्या प्लास्टिकच्या डब्यात पाणी देणं म्हणजे ते सांडणारच.

चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील तितके सगळे डोस घ्या. कुत्र्याची लाळ गळत असेल, त्याला गिळता येत नसेल, समोर दिसेल त्याला चावत असेल, तर जवळ जाऊ नका. तिथे पाणी देण्याचं काम तुमचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

कुत्रा कितपत सुकलाय हे दुरूनही थोडं कळतं: डोळे खोल गेलेले, हिरड्या गुलाबी-ओलसर न दिसता कोरड्या आणि चिकट. ओळखीचा असेल आणि हात लावू देत असेल तर मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर डॉक्टरकडे न्यायला हवा. उन्हाने तडफडणारा, जोरजोरात धापणारा, झोकांड्या खाणारा कुत्रा दिसला तर आधी सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि पंजे ओले ठेवा आणि वारा घाला. बर्फात बसवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, 41च्या वर गेलं की जीवावर बेततं.

आता जेवण. इथे लोक भरभरून चूक करतात. एक-दोन दिवसांचा उपाशी असेल तर आधी पाणी, तेही एकदम टोपभर नको, अर्धा कप देऊन पंधरा मिनिटं थांबा. तासाभराने पातळ पेजेत कुस्करलेलं उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाची कोंबडी, 15 किलोच्या कुत्र्याला एक वाटी. दर चार तासांनी तेवढंच, आणि नेहमीचं माप दोन-तीन दिवसांत हळूहळू. चार-पाच दिवस उपाशी, पाठीचा कणा आणि खुब्याची हाडं वर आलेली, असा असेल तर मात्र भाताचा ढीग पुढे ठेवू नका, डॉक्टरला विचारूनच सुरू करा. लांब उपासानंतर एकदम पिष्टान्न पोटात गेलं की रक्तातली फॉस्फेट, पोटॅशियमसारखी क्षारं झपाट्याने खाली जातात आणि हृदय गडबडतं. जेवून मेला असं लोक म्हणतात, ते हेच.

कालच्या माशाचं सार नको: त्यात कांदा-लसूण असतो, जो कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि काटे असतात ते वेगळंच. सुकट आणि खारा बांगडा तर मुळीच नको, मिठाने तहान दुप्पट होते. मांजराला दुधापेक्षा काटे काढलेला उकडलेला ताजा मासा द्या. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात.

फोन लागत नाही, चावी सापडत नाही, आणि जनावर डोळ्यांदेखत खचतंय. अशा वेळीही कुलूप स्वतः फोडू नका. पुढे "सोनं कुठे गेलं" हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. पोलीस पाटलांना बोलवा, 112 ला फोन करा, दोन साक्षीदार उभे करा, आणि दार उघडण्यापासून परत बंद होईपर्यंत सलग व्हिडिओ घ्या.

कायद्याकडून काय मिळेल याची अपेक्षा माफक ठेवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 प्रमाणे मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि उपासमार होईल अशा स्थितीत सोडून जाणं हे गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, आणि यातला कुठलाही दखलपात्र नाही, म्हणून ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. उपयोगाचं आहे ते कलम 34: कॉन्स्टेबलहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला असा गुन्हा होतोय असं वाटलं तर तो जनावर ताब्यात घेऊन तपासणीला पाठवू शकतो. ठाण्यात शिक्षेची मागणी करण्यापेक्षा हे कलम शांतपणे दाखवा. 1962 या क्रमांकावरची फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला फोन करायला हरकत नाही.

पावसाळ्यात गणित बदलतं. पागोळ्यांचं पाणी मिळतं, तहानेचा धोका कमी होतो. पण झडीने भिजलेला, चोवीस तास ओल्यात बांधलेला कुत्रा आजारी पडतो आणि त्याच्या साध्या खरचटण्यात दिवस-दोन दिवसांत अळ्या पडतात. शिवाय घाटात दरड आली की दोन दिवसांनी येणारा मालक चार दिवसांनी येतो. खाडीकाठच्या, नदीकाठच्या घरांत साखळी हाच सगळ्यात मोठा धोका. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी किती झपाट्याने चढलं हे वाशिष्ठीकाठच्यांना सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मालकाला फोन करा आणि सरळ विचारा, "सोडू का?" सोडायचा ठरला तर उंचावरच्या बंद पडवीत किंवा गोठ्यात न्या. महामार्गाजवळ आणि बिबट्या फिरणाऱ्या रानाकडे मोकाट सोडणं ही सुटका नव्हे.

पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सना दाण्यावाचून एक दिवसही भारी, त्यांच्याबद्दल मालकाला लगेच कळवा. टाकीतले मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी बहुधा तगतात. ते मरतात लाइट जाऊन हवेचा पंप बंद पडल्याने, किंवा शेजाऱ्याने प्रेमाने मूठभर खाणं टाकल्याने. पिंजऱ्यात आपला देशी हिरवा पोपट असेल तर तो पाळणं वन्यजीव कायद्याने बंद आहे. तिथे वनखात्याच्या 1926 वर कळवा.

शेजारी परत आले की चहाच्या वेळी एक कागद लिहून घ्या, तक्रार म्हणून नाही, पुढच्या खेपेसाठी: चावी कोणाकडे, रोजचं खाणं किती वाट्या, कुत्रा कोणाला चावतो, डॉक्टर कोण, अँटी-रेबीजची शेवटची तारीख, आणि यायला उशीर झाला तर कोणाला फोन करायचा. दुसऱ्या भांड्याची मागणीही तेव्हाच करा. एक उपडं झालं तर दुसरं राहतं.