आंबिया बहार: फळ कोण फोडतंय ते आधी ओळखा

आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या) संत्र्याला रंग चढू लागला की विदर्भातल्या वरुड-मोर्शी, काटोल पट्ट्यात फळगळ सुरू होते आणि दोष बहुधा फळमाशीवर जातो. गळलेले फळ दाबून पाहा. टाचणीएवढ्या छिद्रातून रस आला, पण चिरल्यावर आत अळी नसली, तर संशय रसशोषक पतंगावर घ्या. मग मिथाइल युजेनॉलचे सापळे कितीही टांगा. त्यांत फळमाशीचे नर अडकतात, हा पतंग नाही.

याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती असते बांधावरच्या वासनवेल-गुळवेलीवर. पतंग अंधार पडल्यावर बागेत येतो, टणक सोंड फळात खुपसतो आणि त्या छिद्रातून बुरशी शिरून फळ सडते. म्हणून झाडावर फवारणी वाढवून फारसे हाती लागत नाही.

वेलीवरची अळी ओळखणे मात्र अवघड. एकाच जातीत ती हिरवी दिसते, तशी काळपटही. इथे प्रयोगशाळा कामी येते. चेन्नईच्या संशोधकांनी 2017 मध्ये ‘युडोसिमा फॅलोनिया’ या रसशोषक पतंगाचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या घटकाचा स्वतःचा डीएनए) वाचला: डीएनएची सुमारे साडेपंधरा हजार अक्षरे, 37 जनुके. त्यातल्या सीओआय या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा तुकडा ताडून पाहिला की अळी किंवा पतंगाचा तुटका पायसुद्धा कोणत्या जातीचा हे सांगता येते. कोणते औषध लागू पडेल, हे या तपासणीतून कळत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

बागेत आता करायचे ते असे. बांधावरची वासनवेल मुळासकट काढा. गुळवेल औषधासाठी राखायचीच असेल, तर बागेपासून लांब. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा. सडक्या फळाच्या वासावर पतंग येतात. संध्याकाळी बागेत धूर करा. आमिषासाठी 2 लिटर पाण्यात मॅलेथिऑन 20 मिली, गूळ 200 ग्रॅम आणि गळलेल्या फळांचा रस अर्धा लिटर मिसळा. रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरून 25-30 झाडांमागे दोन टांगा, गुरे-पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा.

तपासणीसाठी अळी द्यायची झाल्यास आधी वेलीसह फोटो काढा, मग ती अल्कोहोलमध्ये ठेवून कृषी विज्ञान केंद्रात न्या. फॉर्मलिनमध्ये नको, त्यात डीएनए खराब होतो.