सॉफ्टवेअर लायसन्सिंग आणि त्याची परीक्षा: या चुका टाळा

भोसरी, चाकण, हिंजवडीकडच्या कंपन्यांत आयटी किंवा परचेस बघणारी बरीच मुलंमुली हल्ली लायसन्सिंगची, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायचे परवाने कुठले आणि किती घ्यायचे याची, परीक्षा द्यायला बघतात, आणि बहुतेकांची सुरुवातच चुकते. आधी प्रॉडक्टची नावं पाठ करतात, कुठल्या प्लॅनमध्ये काय मिळतं त्याचे तक्ते काढतात, पण मोजायचं काय हे बघायचंच राहून जातं. माणूस मोजायचा, मशीन मोजायचं की प्रोसेसरचा कोअर (त्याच्या आतला काम करणारा एकेक भाग)? हे ज्याला कळलं त्याला पेपर पण जमतो आणि ऑफिसचं कोटेशन पण. मी इथे मायक्रोसॉफ्टचीच उदाहरणं घेतोय कारण आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त वापरात असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅलचा, म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्सचा, सर्व्हरला जोडायच्या परवान्याचा. सर्व्हर विकत घेतला, विंडोज सर्व्हरचं लायसन्स घेतलं, आता झालं असं वाटतं, पण त्या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाला नाहीतर प्रत्येक मशीनला कॅल लागतो. समजा भोसरीत एक वर्कशॉप आहे, फ्लोअरवर २५ पीसी आणि तीन शिफ्टमध्ये मिळून ७० ऑपरेटर त्याच पीसींवर बसतात, तर तिथे डिव्हाइस कॅल घ्यायचे, २५ मध्ये काम होतं, यूजर कॅल घेतले तर ७० लागतील. पण त्याच कंपनीत सेल्सची ६ माणसं असतील आणि प्रत्येकजण लॅपटॉप, मोबाईल, घरचा पीसी अशा तिन्हीवरून सर्व्हरला लागत असेल, तर त्यांना यूजर कॅल, फक्त ६. दोन्ही प्रकार एकाच कंपनीत चालतात. रिमोट डेस्कटॉपने काम करणार असाल तर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल वरून वेगळा, आणि एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) स्टँडर्ड सर्व्हर-प्लस-कॅल पद्धतीने (सर्व्हरचं लायसन्स आणि वर कॅल) घेतला तर त्याचा कॅल पण वेगळाच, विंडोजचा कॅल तिकडे चालत नाही. शिवाय कॅलचं व्हर्जन सर्व्हरच्या व्हर्जनएवढं किंवा त्याच्या पुढचं पाहिजे, सर्व्हर २०२२ ला २०१९ चे कॅल लावून भागत नाही, उलटं मात्र चालतं.

यातलीच एक पक्की फसगत म्हणजे ईआरपी, कंपनीचा स्टॉक, ऑर्डर, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ४० जण ईआरपी वापरतात पण ईआरपी डेटाबेसला एकाच लॉगिनने जोडलेला आहे, म्हणून कुणीतरी सांगतं की एकच कॅल पुरे. नाही पुरे. मध्ये कितीही सॉफ्टवेअर घातलं तरी कॅलची संख्या कमी होत नाही, ४० च मोजायचे, याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, आणि परीक्षेसाठी हे पक्कं करूनच जा.

कोअरचं गणित तर कागदावर करूनच बघा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोअरवर गेला, त्याआधीच्या २०१२ ला एका लायसन्सात दोन प्रोसेसर असं होतं, त्यामुळे जुन्या नोट्स किंवा जुनी पीडीएफ वाचून गेलात तर पूर्ण उत्तर चुकतं. आता प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ कोअर आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स लागतं, तुमच्या मशीनमध्ये ६ कोअरचा एकच प्रोसेसर असला तरी १६ च घ्यायचे. आता मशीन बघा: दोन प्रोसेसर, प्रत्येकी १० कोअर, म्हणजे २०. स्टँडर्ड एडिशनमध्ये ते सगळे २० एकदा कव्हर केले की २ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगळे संगणक) चालवता येतात, ४ व्हीएम हव्या असतील तर तेच २० परत, म्हणजे ४०. व्हीएम वाढतच जाणार असतील तर डेटासेंटर एडिशनची किंमत काढून तुलना करायची, कारण त्यात व्हीएमवर मर्यादा नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बिझनेस प्लॅन ३०० यूजरपर्यंत असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ३०१ वा माणूस आला की सगळ्यांना एंटरप्राइझवर न्यावं लागतं असं समजू नका, ३०० जणांना बिझनेसवर ठेवून बाकीच्यांना दुसरा प्लॅन देता येतो. आणि वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेताना सीट अंदाजाने जास्त घेऊ नका हो, मध्येच वाढवता येतात पण पहिले ७ दिवस गेले की कमी करता येत नाहीत, रिन्युअलपर्यंत पैसे भरावेच लागतात.

की (ॲक्टिव्हेट करायला टाकायचा कोड) म्हणजे लायसन्स नव्हे, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. ऑनलाइन ५०० रुपयांत ऑफिसची की मिळते, ॲक्टिव्हेट पण होते, पण ती कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सची (कंपन्या एकगठ्ठा घेतात त्याची) असू शकते आणि तुमच्याकडे बिल नसेल तर ऑडिटमध्ये दाखवायला काहीच नसतं. तसंच होम एडिशनवाले स्वस्त लॅपटॉप घेऊन त्यावर व्हॉल्यूमचं विंडोज टाकणं पण चुकीचं, व्हॉल्यूमचं लायसन्स अपग्रेड असतं, खाली आधीपासून प्रो एडिशन पाहिजे, होम चालत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब जाणूनबुजून बेकायदा कॉपी वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड सांगतं, म्हणजे ते काम करणारा पण अडकू शकतो, नुसता मालक नाही. त्यामुळे साहेबांनी "टाकून दे रे" म्हटलं तरी मेलवर विचारा आणि बिलं एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता मायक्रोसॉफ्टच्या पेपरबद्दल. डंपच्या (फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या) नादाला लागू नका, नियम मोडल्याबद्दल सर्टिफिकेट जाऊ शकतं, परत परीक्षेला बसायची बंदी येऊ शकते, आणि तिथली उत्तरं कित्येकदा जुनी असतात. परीक्षेचे कोड बदलतात, बंद पण होतात, म्हणून फी भरायच्या आधी अधिकृत स्टडी गाइड उघडून तारीख बघा, आणि शंका आली की प्रॉडक्ट टर्म्स (मायक्रोसॉफ्टचे लायसन्सचे अधिकृत नियम) वाचा, भाषा रुक्ष आहे पण शेवटचा शब्द तिथलाच. पासिंग १००० पैकी ७००, पण ते स्केल केलेले (प्रश्नांच्या अवघडपणाप्रमाणे जुळवलेले) असतात, ७० टक्के बरोबर म्हणजे पास असा हिशोब करू नका. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि केस (प्रश्नात दिलेलं कंपनीचं उदाहरण) वाचताना आधी संख्या, शिफ्ट, मशीन, कोअर बाजूला लिहून घ्या, मग पर्याय वाचा.

नापास झालात तर दुसऱ्यांदा २४ तासांनी बसता येतं, तिसऱ्यांदा मात्र १४ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे दुसरा प्रयत्न लगेच दुसऱ्या दिवशी उरकू नका, स्कोअर रिपोर्टमध्ये विषयवार पट्ट्या असतात, ज्याची पट्टी सगळ्यात आखूड त्याच विषयावर दोनतीन आठवडे लावा आणि मगच स्लॉट बुक करा.