पक्षी बघायला निघताना आधी पंचांग बघा

किनाऱ्यावरचे पक्षी बघायला सुरुवात करायची असेल तर दुर्बीण घेण्याआधी भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्या. नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो. रानातल्या पक्ष्यांसाठी पहाटे उठलं की काम होतं, पण किनाऱ्यावर पहाटेला तसा अर्थ नाही. ऐन ओहोटीला पाणी लांब गेलेलं असतं, पक्षीही त्याच्या मागे गेलेले असतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरतीच्या आधीच्या दोन-अडीच तासांत मात्र चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे आणून सोडतं. तुम्ही फक्त एका जागी बसून राहायचं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर मिळते, पण महिन्याचा बेत आखायला हा हिशेब पुरतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे दुपारपर्यंत ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं, पिसांचे रंग स्वच्छ दिसतात. दुपारनंतर समोरून ऊन येतं आणि सगळे पक्षी काळेच दिसायला लागतात. म्हणून चढतं पाणी आणि सकाळचं ऊन एकत्र मिळतील असे दिवस निवडायचे, म्हणजे एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे किंवा अमावास्येपर्यंतचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी वर पुळणीपर्यंत येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ते तेवढं हलतच नाही.

जागा म्हणाल तर अलिबागजवळची आक्षी. सुरूच्या बनातून बाहेर आलं की लांबच लांब सपाट, ओली वाळू आणि उत्तरेला खाडीचं मुख. ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो आणि उत्तरेकडून आलेले पाणथळीचे पक्षी इथे उतरलेले असतात. खरं तर हे येणं ऑगस्टपासूनच सुरू होतं. आधी वयाने मोठे पक्षी येतात, काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून शिल्लक असतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जातींची त्या वर्षी जन्मलेली पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात, आईबापांशिवाय. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार दिसली की समजावं, या पक्ष्याचा हा पहिलाच प्रवास.

सुरुवातीला सगळे एकसारखेच राखाडी-तपकिरी वाटतात आणि लोक पुस्तकाची पानं उलटत बसतात. तसं करू नका. आधी पक्षी चालतो कसा ते बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टोच मारतो, परत धावतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड, तो बघून खाणारा. तुतवार मान खाली घालून वाळूत चोच खुपसत पुढे सरकत राहतो, कारण त्याला भक्ष्य चोचीच्या टोकाला जाणवतं. एवढा फरक डोळ्यांत बसला की अर्धा कळप वेगळा झाला. दुर्बीण एकाच चिखल्यावर दहा मिनिटं धरा. तो थांबतो आणि एक पाय ओल्या वाळूवर भराभर थरथरवतो. वाळूतला बारीक जीव हलला की लगेच टोच. हे मी कितीही वेळा बघितलं तरी दुर्बीण खाली ठेववत नाही.

मग एकेक ओळख वाढवत जा. लाट मागे सरली की तिच्यामागे आणि लाट आली की तिच्यापुढे पळणारा पांढुरका सँडर्लिंग. लाल-केशरी चोचीचा, काळा-पांढरा कालवफोड्या. खाली वाकलेल्या लांब चोचीचा कुरल आणि किंचित वर वळलेल्या चोचीचा गॉडविट. चोचींची लांबी वेगळी, म्हणून वाळूतली खोली वेगळी आणि खाणंही वेगळं. त्यामुळेच इतक्या जाती एका पट्ट्यात निभावून नेतात. एक सूचना: जुन्या पुस्तकांतला लेसर सँड प्लव्हर हा चिखल्या २०२२पासून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या यादीत दोन जातींत विभागला आहे आणि आपल्याकडे येणारा तिबेटन सँड प्लव्हर या नावाने सापडतो.

याच गॉडविटच्या जातीतला पाच महिन्यांचा एक पक्षी ऑक्टोबर २०२२मध्ये अलास्काहून निघाला आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचला. त्याच्या अंगावर ट्रान्समीटर होता म्हणून हे कळलं. आपल्याकडे येणाऱ्यांचे मार्ग वेगळे, पण अंगावर साठवलेल्या चरबीवरच प्रवास करायचा, हे सगळ्यांना सारखंच. म्हणून फोटोसाठी कळप उडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घोडागाड्या, वाळूत फिरवायच्या मोटारी, मोकाट कुत्री यांनी शनिवार-रविवारी या पक्ष्यांना धड खाता येत नाही. आपण तरी त्यात भर घालू नये. कळपाने खाणं थांबवून माना वर केल्या की आपण फार जवळ गेलो आहोत.

पक्ष्यांखेरीजही बरंच दिसतं. खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारत असतात, पहाटे वाळूवर कोल्ह्याचे माग मिळतात, मुरुड किंवा हर्णेच्या बाजूला होडीतून डॉल्फिनच्या पाठी दिसतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो आणि याच दिवसांत ते डागडुजीला घेतो. अशा झाडाखाली रेंगाळू नका.

ज्यांना यात पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) पक्षीशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, ते नोकरी-कॉलेज सांभाळून करता येतात. पूर्णवेळ वळायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) इथे वन्यजीवशास्त्रात एमएस्सी होते. पण प्रवेशाच्या मुलाखतीत उपयोगी पडेल ती तुमची वही. सालिम अलींनी हातात नोकरी नसताना, १९३०च्या सुमारास, आक्षीच्या उत्तरेला किहीमला राहून सुगरणीची घरटी रोज बघितली आणि नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो हे नोंदवलं. एकच जागा आणि रोजचं लिहिणं, एवढंच त्यांचं भांडवल होतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, त्या आठवड्यात ठिकठिकाणी अनुभवी लोकांसोबत फेऱ्या निघतात. पहिली ओळख तिथे करून घ्या.

दुर्बीण ८ × ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली, पुरते. घरी आलं की ओल्या फडक्याने पुसून घ्या, खारी हवा तिला खाते. वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि प्रत्येक जातीचा आकडा लिहा. नुसती नावं लिहिलीत तर दहा वर्षांनी पक्षी कमी झाले की वाढले ते सांगता येणार नाही. एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी बांधलेली रंगीत पट्टी दिसली तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता आली तर अक्षरं टिपा, जमेल तसा फोटो काढा आणि बीएनएचएसला कळवा.