विज्ञानकथेतला लबाड पाहुणा कसा रंगवावा

संकटात सापडलेल्या अंतराळयानावर चोर आणायचा असेल, तर त्याला आधी सन्मानाने आत येऊ द्यावे. चोविसाव्या शतकात घडणाऱ्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या १९९१ मधील एका भागात रासमुसेन हा माणूस आपण सव्विसाव्या शतकातील इतिहासकार असल्याचे सांगतो; प्रत्यक्षात तो बाविसाव्या शतकातून, चोरलेल्या कालयानातून आलेला असतो.

थापेची निवड विचारपूर्वक करावी. भविष्य सांगितल्यास इतिहास बिघडेल, ही सबब त्याला प्रत्येक अडचणीच्या प्रश्नातून सोडवते आणि वर त्याला तत्त्वनिष्ठही ठरवते, म्हणूनच ती मला फार मोलाची वाटते.

संकट केवळ पार्श्वभूमीला ठेवू नये. अशनीच्या आघाताने उडालेल्या धुळीमुळे ग्रह गोठत चाललेला असताना यानाचा कप्तान पिकार्ड कोट्यवधी जिवांसाठी रासमुसेनकडे मार्गदर्शन मागतो आणि तो ते नाकारतो. पहिल्या वाचनात हा नकार संयमाचा वाटला पाहिजे. खरे कारण कळल्यावर, म्हणजे उत्तर त्याला ठाऊकच नव्हते हे उमगल्यावर, वाचकाला त्याची चीड यावी.

चोरीच्या वस्तू लहान, खिशात मावणाऱ्या असाव्यात आणि त्यांचे नाहीसे होणे ओझरते नोंदवावे. संशयही आधीच पेरावा: इतरांच्या भावना ओळखू शकणारी यानावरील समुपदेशक ट्रॉय हिला तो काही लपवत असल्याचे सुरुवातीपासून जाणवते.

पकडताना योगायोग टाळावा. रासमुसेन यानावरील डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याला पळवण्यासाठी कालयानाचे दार उघडतो, आणि त्याच क्षणी जहाजाचा संगणक त्याने चोरलेले शस्त्र निकामी करतो.